मानेला हात लावण्याआधी

१७ नोव्हेंबर

आज ठरलं. मी कायरोप्रॅक्टर होणार.

शब्द नीट लिहायलाच दोनदा खोडावं लागलं, पण ते असो. दुपारी क्लिनिकमध्ये चिटपाखरू नव्हतं, म्हणून मोबाइल काढला. एक गोरा डॉक्टर, समोर टेबलावर कण्हत पडलेला माणूस. डॉक्टरने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं, हवापाण्याच्या गप्पा मारता मारता एक हिसका दिला, कडाड् आवाज झाला आणि तो माणूस उठून चक्क रडायला लागला. आनंदाने! मान, कंबर, पुन्हा मान असे एकामागून एक व्हिडिओ बघत बसले. राजश्री मॅडम मागे येऊन उभ्या होत्या ते कळलंच नाही. "मनस्वी, फोन वाजतोय," म्हणाल्या. खरंच वाजत होता.

मी बी.कॉम. मारुती मंदिराजवळ मॅडमचं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे, तिथे काउंटरवर बसते. अपॉइंटमेंट लिहायच्या, शेकाच्या पिशव्या गरम करायच्या, संध्याकाळी एसटीने हातखंब्याला उतरून वाडीत घरी. वय तेवीस. यापुढेही हेच करायचं असेल तर मला वेड लागेल.

शिवाय मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी आले. पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते असं आमच्याकडे समजतात. त्यामुळे मला कळायला लागल्यापासून आमच्या पडवीत कुणी ना कुणी पालथं पडलेलं असायचं आणि आई मला खेळातून ओढून आणायची. डावा पाय पाठीवर तीनदा लावायचा. मग वडीलधाऱ्याला पाय लावला म्हणून त्याच्या पायांना हात लावून नमस्कार करायचा. म्हणजे लाथही आपणच मारायची आणि पायाही आपणच पडायचं. शेजारची येसूकाकी तर अजून महिन्यातून एकदा येऊन पालथी पडते.

इतरांना हे शिकायला वर्षं लागत असतील. मी अर्धी शिकूनच जन्माला आलेय.

१९ नोव्हेंबर

शोधलं. बाहेरच्या देशांत बारावी सायन्सनंतर चार-पाच वर्षांची पूर्ण डिग्री. शरीररचना, मज्जासंस्था, एक्स-रे वाचणं, मग दवाखान्यात सरांच्या नजरेखाली काम, मग परीक्षा, मग लायसन्स. आपल्याकडे तसं मान्यता असलेलं कॉलेज मला तरी सापडलं नाही. आणि माझी बारावी कॉमर्सची.

मॅडमना सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुम्हाला किती वर्षं लागली हो?"

"साडेचार. मग मास्टर्सची दोन."

"एवढं काय असतं शिकायला? हाडं दोनशे सहाच आहेत ना?"

मॅडम बँडेज गुंडाळत होत्या, त्या थांबल्या. "हात कुठे लावायचा ते वर्षभरात येतं, मनस्वी. कुठे लावायचा नाही, त्याला बाकीची वर्षं जातात."

ज्याला त्याला आपलं शिक्षण फार मोठं वाटतं.

३ डिसेंबर

आज डोकं फिरलं. लांज्याचे एक काजूवाले आले होते. कंबर धरलेली, चालताना जरा झोकांड्या. दोन तासांचा प्रवास करून आलेले बिचारे. मॅडमनी त्यांना उताणं झोपवलं आणि स्कूटीची किल्ली घेऊन तळव्यावरून ओढली, टाचेकडून बोटांकडे. त्यांचा अंगठा वर उठला आणि बाकीची बोटं फाकली. मग मॅडमनी त्यांचं पाऊल धरून झटकन वर ढकललं, तर पाऊल आपलं आपणच टकाटका नाचायला लागलं. मला हसू आलं. मॅडमना नाही आलं. साधा शेकसुद्धा न देता चिठ्ठी लिहून त्यांनी त्या माणसाला कोल्हापूरला मेंदू-मणक्याच्या सर्जनकडे पाठवलं. फीसुद्धा घेतली नाही.

"निदान कंबर तरी मोकळी करून द्यायची," मी म्हटलं.

"मोठ्या माणसाचा अंगठा असा वर गेला म्हणजे वर कुठेतरी मज्जारज्जू दाबला गेलाय. अशाला कुणी पिळलं ना, तर तो चालत घरी जाणार नाही."

मॅडम हुशार आहेत, पण धाडस नाही. त्या व्हिडिओतल्या डॉक्टरने दोन मिनिटांत काम केलं असतं.

२२ डिसेंबर

बाबांची मान धरलीय. तीस वर्षं बोटीवर खलाशी म्हणून काढली, आता वाडीत बसून मान धरते म्हणजे काय! बोटांना मुंग्या येतात म्हणाले. मी खांदे चोळून दिले, माझ्या पद्धतीने दाबून.

"कसं वाटतंय?"

"बरा वाटला गो. हात हाय तुझ्यात."

आई म्हणाली, "तिला काय चढवताव?" पण बाबा बोलले ते बोलले. माझ्यात हात आहे.

एक गंमत. सकाळी दारातून बघितलं तर आई बाबांच्या शर्टाची बटणं लावून देत होती, अगदी गळ्यापर्यंत. मला बघून दोघंही गोरीमोरी झाली. या वयात लाडात आलेत! मी हसत एसटीला पळाले.

११ जानेवारी

सापडलं. वाशीला एका हॉटेलच्या हॉलमध्ये सहा दिवसांचं शिबिर. मणका, कंबर, मान, शेवटी सर्टिफिकेट. शिक्षणाची अट नाही. फोनवर शिबिर घेणाऱ्या मास्टरनी विचारलं, "आधी काही अनुभव?" मी पायाळूचं सांगितलं. म्हणाले, "मग तुम्ही तर नॅचरल!"

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग." बाबा म्हणाले, "जाऊ दे तिला. पोरगी काय चोरी करायला जात नाय."

२८ जानेवारी, वाशी

जिम ट्रेनर आहेत, दोन ब्युटीपार्लरवाल्या, एक निवृत्त तलाठी. आम्ही एकमेकांवर हात चालवतो. माझ्या हातून आज तलाठ्यांची कंबर वाजली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात मला पहिल्यांदाच टाळ्या मिळाल्या असतील. परत परत तो आवाज आठवतेय. बसवत नाही एका जागी.

३० जानेवारी, वाशी

मान आज झाली. म्हणजे जेवणाआधीच्या वेळात उरकली. मी विचारलं, "मास्टर, कुणाच्या मानेला हात लावायचा नाही, ते कसं ओळखायचं?" मास्टर म्हणाले, "जो घाबरला तो संपला." सगळे हसले, मीही हसले. ब्युटीपार्लरवाल्या ताईंनी मला मान द्यायला नकार दिला, म्हणून मी उशीवर सराव केला. उशी वाजत नाही, त्यामुळे जमलं की नाही ते कळलं नाही.

४ फेब्रुवारी

नोकरी सोडली. सर्टिफिकेट दाखवलं तर मॅडमनी ते हातातसुद्धा घेतलं नाही.

"तू काय शिकलीस ते मला नकोय. मला एवढंच सांग, तुझ्या टेबलावर माणूस आला तर त्याला परत पाठवायचं केव्हा, ते तुला शिकवलं?"

"सगळ्यांना परत पाठवलं तर क्लिनिक कशाला उघडायचं?"

बोलून गेले. मॅडमचा चेहरा लाल झाला. "मानेला हात लावू नकोस," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं. एसटीत ते सुकलंही.

१५ फेब्रुवारी

हातखंब्याला हायवेवर गाळा घेतला, टायरवाल्याच्या शेजारी. टेबल आलं, काळं, तोंडासाठी भोक असलेलं. पाडव्याला उद्घाटन. तोवर बाबांच्या पाठीवर सराव. रोज संध्याकाळी आडवे पडतात, मी दाबते, वाजवते. रोज विचारते आणि रोज म्हणतात, "कालच्यापेक्षा बरा हाय." एवढा इमानदार पेशंट कुणाला मिळणार?

फक्त हल्ली वेंधळे झालेत फार. काल चहाचा कप सुटला हातातून, परवा पितळी तांब्या. चालताना भिंतीला हात लावत जातात. मी म्हटलं, "बाबा, अजून बोटीवरच आहात काय?" तर हसले. आई हसली नाही. तिला हल्ली कशाचंच हसू येत नाही.

२४ फेब्रुवारी

बाबा आज कोल्हापूरला जाऊन आले. बोटीवरच्या जुन्या दोस्ताच्या मुलीसाठी स्थळ बघायचं होतं म्हणे. सकाळी गेले आणि तिन्हीसांजेला आले. हातात काही नाही, नाहीतर कोल्हापूरला गेलेला माणूस चिवड्याचा पुडा तरी आणतो. जेवले नाहीत. पडवीत बसून होते, मी शेजारी जाऊन बसले.

"कसं होतं स्थळ?"

"हां."

मग म्हणाले, "मनू, तू त्या शिबिरात मानेचापण शिकलीस ना?"

"शिकले की."

"नुसत्या हाताने? कापाकापी काय नाय?"

"कापाकापी कसली, बाबा! तीच तर गंमत आहे."

"मग झाला तर," म्हणाले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लहानपणानंतर पहिल्यांदाच. स्थळ फिसकटलं असणार.

१६ मार्च

शिमगा. वाडीत पालखी आली, ढोल, गुलाल, पालखी नाचवताना मुलांची नुसती धुंदी. दरवर्षी बाबा पुढच्या दांड्याला असतात. यंदा खांदा लावलाच नाही. अंगणाच्या कडेला खुर्चीत बसून बघत होते. मानकरी बोलवायला आले तर म्हणाले, "पोरांना नाचू देत आता." मला वाईट वाटलं. म्हातारे होतायत आणि मान्य करवत नाही, हेच खरं दुखणं. आवाज झाला, मान मोकळी झाली की पुन्हा दांड्याला उभे राहतील. त्यांच्या मानेला मी अजून हात लावलेला नाही. उशी वेगळी आणि बाप वेगळा.

आईने आज अचानक विचारलं, "मानेचा राहू दे ना. पाठीचाच कर." मी म्हटलं, "तुला काय कळतंय त्यातलं?" तर म्हणाली, "तुला तरी काय कळतंय? अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालीयेस."

२२ मार्च

ठरलं. पाडव्याला पहिला पेशंट बाबा, आणि पहिली मान बाबांची. सगळ्या वाडीसमोर. त्यांनी स्वतः सांगितलं. "लोकांनी बघायला हवा, भिकाजीच्या पोरीने भिकाजीचा बरा केला." अंगावर काटा आला माझ्या.

उशीवर सराव चालू आहे. डोकं धरायचं, वळवायचं, शेवटाला न्यायचं आणि तिथून पुढे थोडं. ते "थोडं" किती ते मास्टरनी हाताने दाखवलं होतं. जेवण जात नाही. भीती नाही ही, उत्साह आहे. सारखी उठते, बसते, पुन्हा उठते.

२९ मार्च

राजश्री मॅडमना पत्रिका पाठवायची की नाही या विचारात पाठवली नाही. मग मोबाइलवर पाठवली. त्यांनी वाचली, उत्तर नाही.

३० मार्च, पाडवा

सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी गुढी आईने बांधली. दरवर्षी बाबा बांधतात, त्यांच्या खलाशी गाठी सुटता सुटत नाहीत. आज म्हणाले, "तूच बांध." मी गाळ्यावर जायच्या घाईत होते.

दहापर्यंत गाळा भरला. येसूकाकी, टायरवाला, वाडीतली वीस-पंचवीस माणसं. नारळ फुटला. बाबा टेबलावर पालथे झोपले. आधी पाठ केली, तीन-चार कडाड् झाले, लोक "बाप रे" म्हणाले. येसूकाकी पुढे आली. "ता वाजवना मागनं. आधी पाय लाव गो, पाय! आम्ही तुझा पाय बघून आलोय." मला लाज वाटली. सर्टिफिकेट भिंतीवर आणि हे काय! पण सगळेच ओरडायला लागले. स्टुलावर चढले, टेबलाची कड धरून डावा पाय बाबांच्या पाठीवर तीनदा लावला. हशा, टाळ्या.

मग बाबा उताणे झाले. वळायला त्यांना फार वेळ लागला. आईने खांदा धरला, टायरवाल्याने कंबर. मी तोवर डोक्याशी जाऊन उभी राहिले. त्यांचं डोकं माझ्या तळहातांत घेतलं. जड असतं बापाचं डोकं. केस विरळ झालेले, कानामागे साबण तसाच राहिलेला. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "कर तू." मी वळवायला सुरुवात केली. शेवटापर्यंत नेलं. आता ते "थोडं" राहिलं होतं.

"पाया नाय पडलीस गो!" येसूकाकी किंचाळली. "बापाला पाय लावलास नि तशीच उभी! पाडव्याच्या दिवशी! आधी पाया पड!"

माझा संताप झाला. खरंच, मनात शिवी आली. पण लोक बघत होते. डोकं सावकाश टेबलावर ठेवलं, पायांकडे गेले. बाबा उंच, पावलं टेबलाबाहेर आलेली. रागारागाने वाकले, दोन्ही पावलांना हात लावले आणि घाईत माझं नख त्यांच्या डाव्या तळव्यावरून ओढलं गेलं.

अंगठा वर गेला. बाकीची बोटं फाकली.

मी तशीच वाकून राहिले. वाटलं, गुदगुल्या झाल्या असतील. गाळ्याची किल्ली कमरेला होती, ती घेऊन उजव्या तळव्यावरून ओढली. टाचेकडून बोटांकडे. तोही अंगठा वर गेला. मग पाऊल धरून वर ढकललं आणि ते माझ्या हातात टकाटका नाचायला लागलं. थांबेचना. मागे कुणीतरी ओरडलं, "भिकाजीचा शिमगा अजून संपला नाय!" आणि सगळा गाळा हसला.

लांज्याच्या त्या काजूवाल्यांच्या पायाला मीही अशीच हसले होते. हातातला कप, भिंतीला लावलेला हात, आईने लावलेली बटणं, सगळं एकदम माझ्यापुढे आलं. रोज माझ्यासमोर होतं. रोज.

"कुणी यांना हात लावू नका," मी म्हटलं. आवाज माझा वाटत नव्हता. बाहेर जाऊन मॅडमना फोन केला. हायवेच्या गाड्यांत धड ऐकू येईना. मी काय बरळले आठवत नाही. अंगठा, अंगठा एवढंच म्हणत असेन.

मॅडमनी विचारलं, "मानेला हात लावलास?"

"फिरवली फक्त. हिसका नाही दिला."

"खरं सांग."

"नाही दिला, मॅडम."

"त्यांची मान सरळ ठेव. येतेय मी."

स्कूटीवरून आल्या, साडीत, पाडव्याचा स्वयंपाक टाकून. बाबांना तपासलं, त्यांच्या मुठी उघडमीट करायला लावल्या. बाबांना जमेना. मॅडमनीच कोल्हापूरला न्यायला गाडी बोलावली. लोक हळूहळू पांगले. येसूकाकीला वाटलं, तिच्या ओरडण्यामुळे अपशकुन झाला. माझे हात धरून रडत होती.

१ एप्रिल, कोल्हापूर

सर्जन आत आले, बाबांकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही महिन्यापूर्वी आला होतात ना? मी सांगितलं होतं, उशीर करू नका. मानेला कुणाला हात लावू देऊ नका, हेही सांगितलं होतं."

आईने तोंडाला पदर लावला. तिला कोल्हापूरचं काही माहीत नव्हतं. बटणांचं तेवढं माहीत होतं. आणि मी म्हणे स्थळ फिसकटलं!

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही.

४ एप्रिल

ऑपरेशन झालं. मानेतला दाब काढला म्हणाले. जे गेलंय ते किती परत येईल सांगता येत नाही, पण पुढचं जायचं थांबेल. आणखी एक म्हणाले, आणि ते मी इथे लिहून ठेवते. त्या मानेला हिसका बसला असता तर गळ्याखालचं काहीच हललं नसतं. कदाचित श्वाससुद्धा.

मी जिन्यात जाऊन उलटी केली.

९ एप्रिल

आज बाबांशी भांडले. आजारी माणसाशी भांडू नये, माहीत आहे. पण राहवेना.

"तुम्हाला डॉक्टरने सांगितलं होतं. तरी पडलात माझ्या टेबलावर?"

"तो कापनार व्हता," बाबा म्हणाले. गळपट्ट्यामुळे मान हलत नव्हती, नुसते डोळे माझ्याकडे वळले. "तू नुसता हात लावनार व्हतीस. तू पायाळू हायस."

"पायाळू! मला सहा दिवस शिकवलंय, बाबा! उशीवर शिकलेय मी!"

"ता मला काय ठाव?"

"आणि रोज म्हणायचात बरं वाटतंय. एकदा तरी वाटलं होतं का?"

त्यांनी डोळे छताकडे नेले. मग म्हणाले, "नाय."

"मग सांगितलं का नाही?"

"इचारताना तुझा तोंड कसा व्हायचा, ता तुला ठाव नाय."

मला इतका राग आला. त्यांचा, माझा, सगळ्या वाडीचा, ज्यांनी एका पोरीच्या पायाखाली वर्षानुवर्षं पाठी दिल्या त्यांचा. आणि पायाळूवरच्या ज्या विश्वासाने ते टेबलावर पडले त्यानेच वाचले, हे तर मला अजून सोसतच नाही. येसूकाकी ओरडली नसती तर? मॅडमनी तेव्हा माझ्यासमोर ती किल्ली ओढली नसती तर? मला हे कुणी शिकवलं नव्हतं. मी काउंटरवरून बघितलं होतं, आणि तेही हसत.

१२ मे

टेबल विकायला काढलं. एक जिमवाला विचारत होता, त्याला नाही दिलं. गाळा टायरवाल्याने घेतला.

क्लिनिकमध्ये गेले. माफी मागायची तयारी करून गेले होते, पण मॅडमनी बोलूच दिलं नाही. बाबांच्या बोटांचे व्यायाम दाखवले, माझ्याकडून करून घेतले, तीन वेळा चुकले तर तीन वेळा पुन्हा करायला लावले. मग म्हणाल्या, "काउंटर रिकामाच आहे. बसायचं असेल तर बस, पण पुस्तकं घेऊन बस."

"कसली?"

"मुक्त विद्यालयातून सायन्सची बारावी देता येते, चौकशी कर. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, सगळं पहिल्यापासून. मग प्रवेश परीक्षा. मग साडेचार वर्षं. मग तुला ते परदेशातलं करायचं असेल तर तेही कर, मी अडवणार नाही. पण या दारातून जायला दुसरी वाट नाही."

परीक्षेला माझ्या शेजारी सतरा वर्षांची पोरं बसतील. मी घरी येताना एसटीत वर्षांचा हिशोब केला आणि मध्येच सोडून दिला.

८ जून

येसूकाकी आज पाठ धरून आली. पडवीत पालथी पडायला लागली तर मी तिला खुर्चीत बसवलं. कधीपासून दुखतंय, पायात मुंग्या येतात का, रात्री जाग येते का, पडलीस का कुठे, असं विचारत बसले. वैतागली. "पाय लावनार हायस का नुसती इचारनार हायस?" तिला उद्या मॅडमकडे घेऊन जाणार आहे. फणकारत गेली.

बाबा खुर्चीतून ऐकत होते. गळपट्टा अजून आहे. भिंत सोडून अंगणापर्यंत चालतात, शर्टाचं वरचं बटण अजून लागत नाही. मी त्यांच्या शेजारी बसून बायॉलॉजीचं पुस्तक उघडलं. मानेच्या मणक्यांचं चित्र होतं, सात मणके, एकावर एक. पान उलटवेना.

"किती वर्सा म्हनलीस?" त्यांनी विचारलं.

"सगळं धरून सात. पास झाले तर."

"म्हंजे माझ्या मानेला हात कधी लावशील?"

"सात वर्षांनी. आणि तेव्हाही आधी तपासेन. नको वाटलं तर तेव्हाही नाही लावणार."

बाबांनी माझ्याकडे बघायला मान वळवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून सगळं अंगच माझ्याकडे वळवलं.

"मग सात वर्सा मी मरत नाय," म्हणाले. "तू वाच."